फौजेच्या कागदावर आज्जी अजून माहेरचीच

आबा गेले २०२४ च्या ऑगस्टात, पावसानं उघडीप दिलेल्या एका सकाळी. दुपारपर्यंत एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला. ‘१९६५ व १९७१ च्या युद्धांतील शूर सैनिक, आदर्श शेतकरी, प्रेमळ कुटुंबप्रमुख’, आणि खाली जन्मतारीख १ जून १९४४. हा मजकूर मीच फोनवरून सांगितला होता. त्यातली तारीख खरी नव्हती, १९६५ चा उल्लेख अर्धाच खरा होता, आणि ‘आदर्श’, ‘प्रेमळ’ हे शब्द कुणाच्याही फ्लेक्सवर चालले असते. त्यात आमचे आबा कुठंच नव्हते. हे मला पुढच्या सहा महिन्यांत एकेक कागद उलगडत गेला तसं कळलं. सविस्तर लिहितोय, कारण आमच्या खटाव-माण भागात आळीगणिक एक तरी फौजी म्हातारा आहे, आणि त्यांच्या घरच्यांवर ही वेळ येणारच आहे.

आमच्यापुढं दोन कामं होती. आज्जीचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायचं आणि वर्षश्राद्धापर्यंत आबांच्या आयुष्याची एक छोटी पुस्तिका काढायची. एक काम सरकारी, दुसरं घरचं. पण दोन्हींना लागणारे कागद एकाच ट्रंकेत होते.

ट्रंक काळ्या पत्र्याची. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आबा असेपर्यंत ती त्यांच्या खाटेखालून कुणी ओढली नव्हती. तेराव्यानंतर नानांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ती ओट्यावर आणून उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, बिस्किटाच्या डब्यात पदकं, सुतळीनं बांधलेली अंतर्देशीय पत्रं, आणि तळाशी शाळेच्या दोनशे पानी वह्या. वह्या आम्ही बाजूला सारल्या. तिथंच पहिली चूक झाली, पण ते पुढं.

गुरुजींची तारीख

डिस्चार्ज बुकात जन्मतारीख १ जून १९४४ होती. शाळेच्या दाखल्यातही तीच. फ्लेक्ससाठी मी तीच दिली होती. तेराव्याला आलेली आबांची थोरली बहीण मात्र तो फ्लेक्स वाचून घेऊन म्हणाली, “बेंदराच्या आदल्या दिवशी झालाय त्यो. आई बैलांची शिंगं रंगवायला बसली हुती, तशीच उठली.”

महाराष्ट्रात त्या पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना तारीख कुणाला ठाऊक नसायची. गुरुजी पोराकडं बघून वर्ष ठरवायचे आणि जूनची पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे. आबांचं सगळं सरकारी आयुष्य त्या तारखेवर चाललं. भरती तिच्यावर, पेन्शन तिच्यावर. ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनमध्ये जी वीस टक्के वाढ मिळते तीही तिच्यावरच. ती वाढ त्यांना जेमतेम दोन महिने मिळाली. पुस्तिकेत आम्ही शेवटी लिहिलं, ‘जन्म : बेंदराच्या आदल्या दिवशी’. बहिणीच्या शब्दाला मी दाखल्यापेक्षा वरचं मानतो. आईला बाळंतवेणा सुरू झाल्या त्या घरात ती होती.

डब्यातली पदकं

आबा १९६२ च्या शेवटी, चीनच्या लढाईनंतर भरती जोरात चालू होती तेव्हा बेळगावला गेले. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथं आहे. तिथून पुढं पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे १७६८ साली उभ्या राहिलेल्या जंगी पलटणीत. सतरा वर्षं नोकरी करून १९७९ मध्ये हवालदार म्हणून घरी आले. एवढं आम्हाला माहीत होतं. पासष्टची लढाई त्यांनी लढली, हेही आम्हाला ‘माहीत’ होतं.

डबा घेऊन मी आमच्या भागातल्या एका निवृत्त सुभेदारांकडं गेलो. त्यांनी पदकं टॉवेलवर ओळीनं मांडली आणि एकेक उचलून कडेवरून अंगठा फिरवला. तोवर मला ठाऊक नव्हतं, पण फौजेच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. दिसायला बारीक, पण बोटाला लागतं. नाव आबांचंच होतं. मग सुभेदार म्हणाले, “ह्ये रक्षा मेडल. पासष्टला जे जे वर्दीत होते त्यांचं. लढाईच्या इलाख्यात जे होते त्यांना समर सेवा स्टार मिळाला. तो ह्यात न्हाय.” पुढचं उचललं. “ह्ये संग्राम मेडल, एकाहत्तरला नोकरीत असलेल्यांचं. आणि ह्यो पूर्वी स्टार. ह्यो मात्र बांगलादेशच्या मोर्चावर गेल्याबिगर मिळत न्हाय.”

म्हणजे १९६५ मध्ये आबा वर्दीत होते, पण मोर्चावर नव्हते. डिस्चार्ज बुकातल्या वैद्यकीय नोंदीत त्याचं कारण सापडलं. त्या वर्षी सरावात पाय मोडला होता आणि ते बेळगावलाच होते. आबांनी ‘मी पासष्टला लढलो’ असं कधी म्हटल्याचं घरात कुणालाच आठवेना. ते आम्हीच लावलं होतं, कारण दोन लढाया एकीपेक्षा मोठ्या वाटतात. मला त्याची लाज वाटली. आपल्या माणसाला मोठं करायला न घडलेलं काही जोडावं लागतं, असं आपण का मानतो? पूर्वी स्टार एकटा पुरेसा होता.

त्या स्टारमागं काय होतं, ते थोडं सांगायला हवं. १९७१ च्या डिसेंबरात ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांची ९५ माउंटन ब्रिगेड मेघालयाच्या बाजूनं ढाक्याच्या दिशेनं निघाली. कमालपूरची चौकी ४ डिसेंबरला पडली. वाटेत जुन्या ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण काठावर जमालपूर, आणि तिथं पाकिस्तानची ३१ बलुच पक्के बंकर करून बसलेली. समोरून धडका मारण्यापेक्षा नदी ओलांडून गावाच्या पाठीमागं जायचं आणि ढाक्याकडं जाणारी वाट बंद करायची, असं ठरलं. लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या हाताखालची जंगी पलटण त्यात होती. ९ डिसेंबरला क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. बलुचच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तर दिलं त्या कागदात एक गोळी गुंडाळलेली होती. १० तारखेच्या रात्री त्यांनी वेढा फोडून निसटायचा प्रयत्न केला तो नेमका मराठ्यांनी अडवलेल्या वाटेनं. ११ डिसेंबरच्या सकाळी जमालपूर पडलं होतं. त्याच दुपारी टांगाईलजवळ २ पॅराचे छत्रीधारी उतरले. ही २ पॅरा म्हणजे एकेकाळची तिसरी मराठा. मग ढाका आणि १६ डिसेंबर.

गोळी गुंडाळलेल्या चिठ्ठीची गोष्ट आबा सांगायचे. नदी ओलांडताना खेड्यातल्या लोकांनी होड्या दिल्या, दारूगोळा डोक्यावर वाहिला, ओंजळीत चुरमुरे दिले, हेही सांगायचे. १० तारखेच्या रात्रीबद्दल त्यांनी एकदाच एक वाक्य उच्चारलं होतं, तेही नानांना, मळणी चालू असताना, मध्येच: “उजाडल्यावर बघितलं तर समदी आपल्यावाणी पोरंच.” नानांनी पुढं विचारलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

आमच्या घरात ११ डिसेंबर हा ‘भूकंपाचा दिवस’. १९६७ साली त्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या घराची मागची भिंत पडली. दरवर्षी त्या तारखेला आबा पहाटे उठून अंगणात जाऊन बसत. पोरं विचारायची, तेव्हा मोठी माणसं सांगायची की भूकंपाची धास्ती अजून गेली नाही. ट्रंकेतल्या पत्रांत डिसेंबर १९६७ अखेरचं एक पत्र निघालं, ९९ एपीओच्या, म्हणजे फौजी टपालाच्या शिक्क्याचं. त्यात विचारलंय, ‘भिंत किती पडली, जनावर दगावले का, पोराला लागले नाही ना.’ भूकंपाच्या वेळी आबा घरी नव्हतेच. ते पत्र वाचून नाना बराच वेळ गप्प बसले. आबा अंगणात कशासाठी बसत होते हे विचारायला आता कुणी नाही, पण भूकंपासाठी नव्हते एवढं नक्की.

सातबाऱ्यावरचं ‘पड’

नोकरी सतरा वर्षं, शेती पंचेचाळीस. तरी फ्लेक्सवर फोटो वर्दीतला. शेतीबद्दल काय लिहायचं हे आम्हाला कळत नव्हतं, कारण शेतीला पदक नसतं. तेव्हा माझ्या वडिलांना सुचलं की जुने सातबारे काढू. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून हस्तलिखित उताऱ्यांच्या नकला मिळाल्या. आजवर मी सातबारा फक्त कर्जासाठी बघितला होता. माणसाचं चरित्र म्हणून कधी वाचला नव्हता.

गाव नमुना बारात दरवर्षीची पीकपाहणी असते. बाजरी, शाळू, हुलगा, मटकी, पुन्हा बाजरी. तलाठी बदलला की अक्षर बदलतं. १९७२-७३ च्या रकान्यात एकच शब्द आहे: पड. खालचा गटही पड, वरचाही पड. आणि १९७३ मध्ये इतर हक्कात सोसायटीचा बोजा चढलाय.

आज्जीला मी तो उतारा दाखवला. तिला वाचता येत नाही असं आम्ही सगळे धरून चालायचो, म्हणून मी मोठ्यानं वाचला. ‘पड’ ऐकल्यावर ती बोलायला लागली. एरवी दुष्काळाबद्दल ती ‘लई वाईट दिस’ एवढंच म्हणायची. आबा त्या वेळी पलटणीत. घरात सासू, दोन पोरं आणि ती. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची ती पदरात बांधून पोरांसाठी आणायची. रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापताना मोडायची. वैरण संपली तेव्हा तिनं बैलजोडी विकली. खिल्लार जोडी, पुसेगावच्या यात्रेतनं आबांनी रजेवर आले असताना हौसेनं घेतलेली.

“पत्रात कळवलं न्हाईस?” मी विचारलं.

“गुरुजीकडनं पत्र लिवून घ्यायचं. गुरुजींना सांगितलं, बैलांचं लिवू नगा. तिकडं त्यांच्या हातात बंदूक, इकडचा घोर कशाला.”

पुढचं तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत देतो. “त्र्याहत्तरला सुट्टी आले. ट्रंक खाली ठिवली आन् पयलं गोठ्यात गेले. बाहीर आले. काय बोलले न्हाईत. माझा हात धरला आन् तळवा उलटा करून बघितला. खडी फोडून फोडून घट्टं पडलेली.”

एवढंच. सोसायटीच्या बोज्याचं कोडं इथं सुटलं. तो नव्या बैलांसाठी होता आणि आबांच्या मनिऑर्डरींतून फिटला. बोजा उतरल्याची नोंद १९८१ ची आहे. आमच्या घरातली समजूत अशी होती की ‘आबा फौजेतनं पैसा घेऊन आले आणि शेती उभी केली’. कागद सांगत होता की आबा येईपर्यंत शेती आज्जीनं जित्ती ठेवली होती. आणलेल्या पैशातून विहीर झाली, हे मात्र खरं. १९८० मध्ये काम धरलं. सात परस खणली, खाली काळा पाषाण लागला, सुरुंग लावले. यारी चालवायला आज्जी आणि थोरली आत्या होत्या.

दोनशे पानी वह्या

आता त्या बाजूला सारलेल्या वह्या. पुस्तिकेसाठी काही सापडतंय का म्हणून मी दिवाळीत त्या उघडल्या आणि रात्रभर वाचत बसलो. अकरा वह्या, १९७९ ते २०१९. शेतीचा रोजचा हिशेब, पण लिहिलाय फौजेच्या पद्धतीनं. तारीख, मग चार आकडी वेळ, मग काम. नमुना देतो:

‘०२०० ते ०६०० दारे धरले. कांदा, चार वाफे राहिले. लाईट गेली.’

‘१७३० गाय व्याली. खोंड. दोघे ठीक.’

‘पाऊस नाही. पाभर तयार.’ हे वाक्य एका जुलैत सलग नऊ दिवस आहे. दहाव्या दिवशी फक्त ‘पाऊस’.

रात्रीची वीज असेल तेव्हा उठून दारं धरायला जाणं हे आमच्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याचं आयुष्य आहे, आबांचं काही वेगळं नव्हतं. पण त्यांनी ते लिहून ठेवलं. पहारा बदलताना नोंद करतात तसं. बटाट्याला किती गोणी बियाणं लागलं, हुंडेकऱ्यानं किती घेतले, आडत किती कापली, सगळं. मध्येच घरातल्या गोष्टी येतात, त्याही त्याच सुरात. आत्याचं लग्न ठरलं त्या दिवशी: ‘१११५ मुलीस विचारले. हो म्हणाली.’ हे वाचून आत्या रडली. तिला वाटत होतं की आपल्याला कुणी विचारलंच नाही. विचारलं होतं, आणि ती हो म्हणाली होती, आणि एका माणसाला ती वेळ मिनिटांसकट लक्षात ठेवावीशी वाटली होती.

या वह्या आम्ही बाजूला सारल्या आणि पदकांचा डबा आधी उघडला, ही आमची चूक मी वर म्हणालो ती. आबांना ओळखायचं असेल तर त्या वह्यांत ओळखावं.

नावाचा घोळ

आता सरकारी काम. सैनिकाच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, साधारण दराने शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के, आणि त्याला किमान मर्यादा असते. हल्ली हे बहुतेक ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेतून होतं. मृत्यूचा दाखला, पीपीओ, आधार, बँकेचं पासबुक, फोटो. आम्हाला वाटलं महिनाभरात होईल. सप्टेंबरात अर्ज केला, ऑक्टोबरात परत आला. शेरा एका ओळीचा: पत्नीचे नाव अभिलेखाशी जुळत नाही.

आधारवर, रेशनकार्डावर, बँकेत, मतदार यादीत आज्जीचं नाव सासरचं, लग्नात तांदळात लिहिलेलं. फौजेच्या कागदांत मात्र वेगळंच पहिलं नाव. पीपीओत तेच, डिस्चार्ज बुकात तेच. पोरांच्या जन्माच्या ज्या पार्ट टू ऑर्डरी, म्हणजे फौजेतल्या घरच्या नोंदी, निघाल्या होत्या त्यांतही आई म्हणून तेच. वडील घाबरले. एका कचेरीत तर एकानं सरळ विचारलं, “दुसरी बायको होती का?” नानांनी स्वतःला कसं आवरलं ते तेच जाणोत.

घरी येऊन हे नाव आज्जीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

“ते माझंच,” ती म्हणाली. “माहेरचं.”

आज्जी आबांच्या मामाची पोरगी. आबा लहानपणी सुट्टीला मामाच्या गावी जायचे, तेव्हापासून तिला त्याच नावानं हाक मारायचे. १९६४ मध्ये लग्न झालं, नाव बदललं, सगळं गाव नव्या नावानं ओळखायला लागलं. रजा संपवून आबा पलटणीत गेले, तिथं क्लार्कनं विचारलं असणार, बायकोचं नाव काय. त्यांनी त्यांना ठाऊक असलेलं नाव सांगितलं. नंतर दुरुस्त करायला पंधरा वर्षं होती, केलं नाही. घरात चारचौघांत आबा तिला ‘अगं’ किंवा पोरांच्या नावानं हाक मारत. ते जुनं नाव आमच्यापैकी कुणीही त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.

“फौजेच्या कागदावर मी अजून माहेरचीच हाय म्हनायची,” ती म्हणाली आणि परत मेथी निवडायला लागली.

कायद्याला हे पुरावा म्हणून चालत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एका माणसानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि योग्य प्रश्न विचारला: आजोबा जिवंत असताना, त्यांच्याच सांगण्यावरून, या नावाची बाई माझी बायको असं लिहिलेला कुठला जुना सरकारी कागद आहे का? रेशनकार्ड नव्हे, नोंद.

तो कागद सातबाऱ्याच्या नकलांतच होता. १९९२ मध्ये महाराष्ट्रात लक्ष्मी मुक्ती योजनेखाली नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचं नाव सहज लावून घेता येऊ लागलं. शेतकरी संघटनेनं आधी ती मोहीम गावोगावी चालवली होती. १९९३ चा आमचा फेरफार आहे. खातेदारानं अर्ज दिल्यावरून त्याच्या पत्नीचं नाव सातबारा सदरी दाखल, आणि खाली आबांची सही. त्या सहीला डिस्चार्ज बुकातली सही तंतोतंत जुळते. त्या फेरफारात आज्जीचं सासरचं नाव आहे. वडिलांना तो प्रसंग आठवत होता. भावकीत कुणी म्हणालं होतं, बाईचं नाव कशाला लावतोस. आबा म्हणाले, “रान तिनं राखलंय.” तेव्हा वडिलांना त्याचा अर्थ उमगला नव्हता. ‘पड’ वाचल्यावर उमगला.

वयाचाही प्रश्न होता. आधारवर आज्जीची तारीख १ जानेवारी १९४९, म्हणजे फक्त वर्ष सांगता आलं तर यंत्र जी टाकतं ती. फौजेच्या नोंदीत लग्नावेळचं वय वेगळं. दोन्हींत तीन वर्षांचा फरक. ऐंशीनंतरची वीस टक्के वाढ कुटुंब निवृत्तिवेतनालाही मिळते, त्यामुळं या तीन वर्षांना मोल आहे. आम्ही आधारची तारीख धरली आणि ते काम तिथं मिटवलं.

ज्यांच्या घरी फौजी म्हातारा अजून खाटेवर बसून बिडी ओढतोय त्यांनी हे आजच बघावं: पीपीओवर म्हातारीचं नाव काय आहे, आधारवर काय आहे, दोघांचं खातं एकत्र आहे का. फरक असेल तर त्याच्या सहीनं रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्ती जाते आणि निभावतं. तो गेल्यावर त्याच कामाला आम्हाला पाच महिने लागले. आणि बसलाच आहात तर आणखी एक प्रश्न विचारा, पेन्शनचा नसलेला.

राहिलं प्रतिज्ञापत्र. ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मी स्वतः आहे’ असं आज्जीनं लिहून द्यायचं होतं. डिसेंबरात तिला रिक्षानं तालुक्याला नेलं. नोटरींनी मजकूर वाचून दाखवला. माहेरचं नाव आलं तिथं ती म्हणाली, “परत वाचा.” त्यांनी परत वाचला.

मी शाईचं पॅड पुढं केलं. बँकेत ती अंगठाच करायची. तिनं पॅड बाजूला सरकवलं आणि नोटरींच्या हातातलं पेन मागितलं. कागदावर वाकून, एकेक अक्षर थांबून, वळणं गिरवत तिनं नाव लिहिलं. ते माहेरचं होतं. मला एकदम ती पत्रं आठवली. १९६५ च्या तीन-चार अंतर्देशीय पत्रांच्या तळाशी मोठ्या टपोऱ्या अक्षरांची एकेक ओळ आहे. पोरांना गिरवायला असेल असं समजून आम्ही पुढं गेलो होतो. वडिलांचा जन्म १९६६ चा.

नोटरी म्हणाले, “आज्जी, सही आधारवरच्या नावाची लागंल, न्हाईतर अंगठा.” तिनं मान हलवली. त्या नावाशेजारी अंगठा उठवला. कागद बेळगावला गेला, फेब्रुवारीत थकबाकीसह पेन्शन जमा झालं. प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स तिनं मागून घेतली आणि ट्रंकेत, पत्रांच्या गठ्ठ्यात खोचली.